किंग्ज माउंटनचा चढ

शार्लट शहर सोडून नैर्ऋत्येला निघालं की तासाभरात आपण साउथ कॅरोलायनात शिरतो आणि किंग्ज माउंटनची पाटी दिसते. नाव पर्वताचं, पण आहे ती टेकडीच. सह्याद्री हिंडलेल्याला चढ जाणवतही नाही. दीडेक मैलाची पायवाट आधी पायथ्याने फिरवते, मग माथ्यावर नेते. दोन्ही बाजूंना उंच झाडं, पायाखाली पाचोळा. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, ७ ऑक्टोबर १७८० च्या दुपारी, असल्याच झाडांच्या आडून सुमारे ९०० स्वातंत्र्यवादी वर सरकले. माथ्यावर ब्रिटिशांचा मेजर पॅट्रिक फर्ग्युसन आणि त्याचे हजारावर लोक. त्यांनी संगिनी रोखून एका बाजूच्यांना खाली रेटलं की दुसऱ्या अंगाने गोळ्या सुरू व्हायच्या आणि रेटलेले पुन्हा वर यायचे. तासाभरात निकाल लागला.

उतारावर उभा राहून मी खाली पाहिलं. वरून खाली नेम धरला की गोळी डोक्यावरून जाते; माथा हाती असूनही फर्ग्युसनच्या माणसांचं तेच झालं.

खुद्द फर्ग्युसन स्कॉटलंडचा, पण त्याच्या हाताखाली लढणारे जवळजवळ सगळे अमेरिकेतलेच होते. राजाशी एकनिष्ठ राहिलेले शेतकरी एका बाजूला, त्यांचेच शेजारी दुसऱ्या बाजूला. त्याच वर्षी जूनमध्ये इथून जवळच रॅमसोर्स मिलला लढाई झाली. तिथे आपला-परका कळावा म्हणून एकांनी टोपीत पांढरा कागद खोवला होता, दुसऱ्यांनी हिरवी डहाळी. स्वातंत्र्ययुद्ध म्हणताना ही भाऊबंदकी आपण विसरतो, आणि मला ती विसरू नये असं वाटतं. किंग्ज माउंटनवर शरणागतीचं पांढरं फडकं दिसल्यावरही गोळीबार लगेच थांबला नाही. मे महिन्यात वॅक्सहॉजला ब्रिटिश अधिकारी टार्लटनच्या घोडेस्वारांनी केलेल्या स्वातंत्र्यवाद्यांच्या कत्तलीचा राग त्यात होता. राजनिष्ठांचे दीडशेहून जास्त लोक पडले, स्वातंत्र्यवाद्यांचे २८. आठवडाभराने नऊ कैद्यांना फाशी दिली गेली. फर्ग्युसन इथेच, दगडांच्या राशीखाली पुरलेला आहे.

तिथून पश्चिमेला काउपेन्सचं रणांगण. गुरं चारायचं मोकळं, किंचित चढउताराचं रान. जुना ग्रीन रिव्हर रोड अजून मैदानाच्या मधोमध जातो. त्यावरून चाललं की स्वातंत्र्यवाद्यांचा सेनापती डॅनियल मॉर्गन याची आखणी पावलागणिक उलगडते. गावोगावचे हौशी शिपाई संगिनीपुढे पळतात, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने त्यांच्याकडून दोनतीन फैरीच मागितल्या. मग खुशाल मागे जा म्हणाला. त्यांच्यामागे, उंचवट्यावर, कसलेली फौज उभी केली आणि तिच्याही मागे घोडदळ दडवलं. १७ जानेवारी १७८१ च्या सकाळी पहिली फळी मागे हटताना पाहून टार्लटनला वाटलं, शत्रू पळतोय. त्याची रांग विस्कटत धावली आणि थेट मॉर्गनच्या तोंडी आली. पाचशेहून अधिक ब्रिटिश सैनिक पकडले गेले. माणसाच्या भीतीला नावं न ठेवता तिलाच डावात घेणारा हा सेनापती मला फार मोठा वाटतो.

या दोन पराभवांनी दक्षिणेतला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस याचा डावा हातच गेला. मॉर्गनच्या पाठलागासाठी त्याने स्वतःच्या सामानाच्या गाड्या जाळल्या, आणि ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला त्याच्या फौजेने शस्त्रं ठेवली. पुढे १७८६ मध्ये तो गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणासमोर, टिपूविरुद्ध, पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडके वाटाघाटींना बसले ते याच कॉर्नवॉलिसच्या बाजूने.