पेटी कुठे गेली?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधले तीन शनिवार एका रिलीजने खाल्ले. ती कहाणी सांगायला बसलो तर चौथाही जाईल, तेव्हा असो.

गेलं वर्षभर मला एक व्यसन लागलंय. वाकड ते हिंजवडी फेज थ्री हे अंतर दहाएक किलोमीटरचं, आणि त्याला लागणारा वेळ... पुण्यात राहणाऱ्यांना सांगायला नको आणि न राहणाऱ्यांना पटणार नाही. तर कंपनीच्या बसमधल्या त्या वेळात मी पॉडकास्ट ऐकतो. (हा शब्द २००४ साली आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांची मोट बांधून तयार झाला. २०२२ मध्ये ॲपलने आयपॉड बंद केला, शब्द मात्र टिकला.) आधी टेक्नॉलॉजीवरचे ऐकायचो. पण दिवसभर तेच करायचं आणि जाता-येता तेच ऐकायचं म्हणजे हलवायाने घरी येऊन पेढे खाण्यासारखं. मग गाण्यांवरच्या पॉडकास्टकडे वळलो आणि तिथेच अडकलो.

सुरुवात 'साँग एक्सप्लोडर'पासून झाली. २०१४ पासून हृषीकेश हिरवे नावाचा माणूस हे करतो. आडनाव वाचून माझे कान टवकारले, हे तर आपलेच की! गडी अमेरिकेत वाढलेला, स्वतः संगीतकार. मांडणी अगदी साधी. एक कलाकार, त्याचं एक गाणं. रेकॉर्डिंगच्या वेळी प्रत्येक वाद्य, प्रत्येक आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर असतो. ते ट्रॅक सुटे करून ऐकवायचे, कलाकाराने ते कसे सुचले ते सांगायचं आणि शेवटी अख्खं गाणं वाजवायचं. हिरवे स्वतःचे प्रश्न जवळपास सगळे कापून टाकतो, त्यामुळे कलाकार थेट आपल्याशीच बोलतोय असं वाटतं. मला हे ऐकताना जुन्या कोडचे कमिट उलटे बघत बसल्यासारखं वाटतं.

या कार्यक्रमाची २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर मालिकाही आली. तिच्यात आर.ई.एम. या बँडच्या १९९१ च्या 'लूझिंग माय रिलिजन'वर एक भाग आहे. त्या गाण्याची जन्मकथा भारी आहे. गिटारवाला पीटर बक तेव्हा मँडोलिन शिकत होता. टीव्हीसमोर बसून काहीबाही वाजवायचं आणि टेप करून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी टेप लावली तर बराच वेळ नुसतं शिकाऊ तुणतुण, मध्येच ती धून, आणि पुढे पुन्हा शिकाऊ तुणतुण! टेप चालू नसती तर?

पण कलाकारांपेक्षा मला जास्त ओढ लागली ती ऐकणाऱ्यांच्या गोष्टींची. बीबीसी रेडिओ फोरवर २००० सालापासून 'सोल म्युझिक' नावाचा कार्यक्रम आहे, तो आता पॉडकास्ट म्हणूनही मिळतो. प्रत्येक भागात एकच गाणं किंवा एकच रचना. निवेदक नाही. जाणकार थोडेफार बोलतात, पण खरी गंमत साध्या माणसांची. हे गाणं माझ्या आयुष्यात केव्हा आलं, तेव्हा काय चाललं होतं, एवढंच ते सांगतात. सुराबद्दल चकार शब्द नाही आणि तरी गाणं कळतं.

आणि 'रिप्लाय ऑल'चा तो भाग! हा पॉडकास्ट २०२२ मध्ये बंद झाला, पण मार्च २०२० मधला त्याचा एक भाग मी तीनदा ऐकलाय. कॅलिफोर्नियातल्या एका सिनेदिग्दर्शकाला तरुणपणी रेडिओवर ऐकलेलं एक गाणं अख्खं आठवतंय. चाल, शब्द, मधले तुकडे, सगळं. पण इंटरनेटवर त्या गाण्याचा मागमूस नाही. कोणालाच ते आठवत नाही. शेवटी स्टुडिओत वादक जमवून त्याच्या आठवणीबरहुकूम ते गाणं नव्याने वाजवून घेतात, आणि ते लोकांना ऐकवत शोध घेतात. गाणं सापडतं! आणि त्याच्या आठवणीशी ते जवळजवळ तंतोतंत जुळतं. बसमध्ये मी एकटाच हसत होतो, शेजारचा टेस्टिंगवाला जरा सरकून बसला.

हे ऐकलं त्याच आठवड्यात माझ्या डोक्यात किडा वळवळला. परदेशातल्या कोणाकोणाच्या आठवणी मी रोज तास-दीड तास ऐकतोय, आणि आमच्या घरात एक अट्टल ऐकणारा बसलाय त्याचं काय?

आमचे बाबा म्हणजे भीमसेनभक्त. कराडच्या घरात सकाळी दूध तापायच्या आधी भीमसेन सुरू व्हायचे. आणि बाबांची एक गोष्ट आम्हां भावंडांना पाठ आहे. १९८१ चा डिसेंबर. बाबा पुण्यात नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहून डिप्लोमा करत होते. सवाई गंधर्व महोत्सव तेव्हा रात्र-रात्र चालायचा. १९५३ पासून भीमसेनांनी गुरूंच्या स्मरणार्थ चालवलेला हा महोत्सव, शेवटच्या पहाटे शेवटचं गाणं त्यांचंच. "चौथ्या रांगेत होतो मी, सतरंजीवर," असं म्हणत बाबा उठून उभे राहायचे आणि करून दाखवायचे. तान घेताना तो हात कसा वर गेला, मान कशी मागे पडली, तपकिरी शाल कशी खांद्यावरून घसरली. लहानपणी आम्ही पाहुण्यांसमोर 'बाबा, भीमसेन करा ना' म्हणून फर्माईश करायचो.

तर दिवाळीला गेलो तेव्हा ठरवलं, ही गोष्ट नीट रेकॉर्ड करायची. फोन तांब्याला टेकवून ठेवला, पंखा बंद केला (पंख्याची घरघर नंतर काढता काढता जीव जातो), आणि हिरवेसारखे आपले प्रश्न नंतर कापायचे असं ठरवून विचारलं, "बाबा, तुम्ही आत शिरलात तेव्हा पहिलं काय दिसलं?"

बाबा गप्प. फोनकडे बघत होते. रेकॉर्डिंगमध्ये ही शांतता अकरा सेकंदांची आहे, नंतर मोजली.

"हे राहणार का रे कायमचं?" त्यांनी विचारलं.

"हो, म्हणजे, राहील की."

"मग खरं सांगायला पाहिजे. मी आत नव्हतो."

तिकिटाला पैसे होते. पण ते काढले असते तर त्या महिन्याची घरची मनीऑर्डर चुकली असती. म्हणून बाबा मांडवाबाहेर रस्त्यावर, भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्यासारखे आणखी बरेच होते. एकाने शेकोटी केली होती, चहावाला फिरत होता. आतला आवाज स्पीकरवरून स्वच्छ येत होता. रूमवरचा एक मित्र आत होता, उजाडताना तो बाहेर आला आणि चालता चालता त्याने हात, मान, शाल सगळं करून दाखवलं. बाबांनी आयुष्यभर आम्हांला दाखवले ते भीमसेन त्या मित्राने दाखवलेले होते.

"मग नंतर कधी बघितलंत?"

"नाही. नोकरी लागली, इकडे बदली झाली, तुझ्या आजीचं आजारपण... राहूनच गेलं. ते टीव्हीवर 'मिले सुर'मध्ये दिसले ना, ८८ साली, तेव्हा पहिल्यांदा गाताना बघितलं. आणि २०११ ला तर गेलेच."

मी पुढचा प्रश्न विचारू शकलो नाही. आई दारात उभी होती, तिलाही हे नवीन होतं. चाळीस वर्षांत कोणाला सांगितलं नाही हो या माणसाने!

वातावरण सैल करायला मी फोनवर भीमसेनांचं एक जुनं मैफलीचं रेकॉर्डिंग लावलं. तबल्यावर नाना मुळे, पेटीवर अप्पा जळगावकर. बाबा मान डोलवत होते, पण जरा जास्तच. पाहुण्याने फराळाचं कौतुक करावं तशी. समेवर मान हलत नव्हती, भलतीकडेच हलत होती. हे बाबांकडून होणं शक्यच नाही.

रात्री आईने स्वयंपाकघरात सांगितलं, "त्यांनी गाणं बंद केलंय. कानाचं मशीन लावलं की पेटी थरथरते म्हणतात, कोणीतरी रडल्यासारखी. आणि मशीन काढलं की नुसतं घुमतं. तुम्हांला सांगू नको म्हणाले."

मशीन दोन वर्षांपूर्वी बसवलं होतं. बिल मी भरलं होतं आणि काम झालं म्हणून डोक्यातून काढून टाकलं होतं. सकाळी रेडिओ वाजत नाही हे माझ्या लक्षात आलं होतं, पण तो बिघडला असेल असं मी गृहीत धरलं. प्रॉडक्शनमध्ये एखादा लॉग दोन वर्षं यायचा बंद झाला असता तर मी असं गृहीत धरलं असतं का?

मग सुट्टीचे उरलेले दिवस वाचण्यात गेले. श्रवणयंत्र मुळात बोलणं ऐकायला बनवलेलं असतं. वयानुसार आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, 'स' आणि 'फ'सारखी अक्षरं निसटतात, म्हणून यंत्र तेवढा भाग उचलतं. हळू आवाज मोठे करतं आणि मोठे आवाज दाबतं. बोलण्यासाठी हे ठीक, पण गाण्यात हळू आणि मोठं यातला फरकच तर हवा असतो. आणि खरी गोम पुढे आहे. यंत्राचा स्पीकर आणि माईक एकमेकांना चिकटून, त्यामुळे शिट्टी वाजण्याचा धोका. ती ओळखून मारायला आत एक अल्गोरिदम असतो. लांबलेला, स्थिर, एकाच उंचीचा आवाज आला की त्याला वाटतं ही आपलीच शिट्टी, आणि तो ती खोडायला धावतो. आता सांगा, पेटी आणि तानपुरा दुसरं काय करतात? आपल्या संगीताचा सगळा पाया म्हणजे त्या बिचाऱ्या यंत्राच्या लेखी एक बग!

ज्यांनी मशीन बसवलं त्यांना फोन केला. गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम टाकता येतो, शिट्टी मारणारा भाग त्यात बंद किंवा मवाळ ठेवतात, असं त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी का नाही सांगितलंत? तर म्हणे, पेशंटने विचारलं नाही. (आम्हीही क्लायंटला हेच उत्तर देतो, त्यामुळे भांडता आलं नाही.) तो प्रोग्रॅम टाकून घेतला. थरथर बरीच कमी झाली. पण गाण्याचे बोल बाकीच्या आवाजांत बुडतात ही तक्रार उरलीच.

इथे मला साँग एक्सप्लोडर आठवला. सुटे ट्रॅक! भीमसेनांच्या जुन्या मैफलीचे सुटे ट्रॅक कुठून मिळणार म्हणा, पण हल्ली एकत्र रेकॉर्डिंग फोडून देणारी सॉफ्टवेअर आहेत. फेसबुकच्या संशोधकांनी बनवलेलं डेमक्स फुकट मिळतं. गाणं दिलं की चार भाग करतं, गायन, ड्रम्स, बेस आणि 'अदर'. साहेबांच्या पॉप गाण्यांवर शिकलेलं, त्यामुळे आपली मैफल दिल्यावर त्याची तारांबळ बघण्यासारखी होती. डग्ग्याची घुमक बेसमध्ये गेली आणि तबल्याची चाट ड्रम्समध्ये. म्हणजे एकट्या नाना मुळ्यांचे दोन वादक केले. तानपुरा थोडा थोडा सगळ्यांच्या वाट्याला आला. पण गळा? गळा मात्र बऱ्यापैकी स्वच्छ निघाला. रात्री दोन वाजता लॅपटॉपच्या स्पीकरवर तो एकटा, उघडा आवाज आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. प्रत्येक श्वास ऐकू येत होता.

निघायच्या दिवशी सकाळी बाबांना खुर्चीत बसवलं. मशीनचा नवा प्रोग्रॅम लावला, आवाज फोनवरून थेट मशीनमध्ये सोडला आणि फक्त गळा लावला. साथ अगदी मागे, जवळजवळ शून्य.

बाबांनी डोळे मिटले. काही वेळ काहीच झालं नाही. मग उजवा हात मांडीवरून थोडा उचलला गेला. मित्राने दाखवलेला तो मोठा हात नव्हे, नुसती चार बोटं. तान खाली आली तशी ती मांडीवर टेकली, बरोबर समेवर. तबला नसताना!

आई पदर तोंडाला लावून उभी. मी मनात म्हणतोय, जमलं राव.

बाबांनी डोळे उघडले. "गळा लख्ख आहे," म्हणाले. मग कपाळाला आठी. "पण अप्पांची पेटी कुठे गेली?"

"काढली मुद्दाम. तुम्हांला बोल कळत नव्हते ना?"

"अरे, ते इतकं गाऊन थांबले की मागून अप्पा तेच सांगतात. ते नाही म्हटल्यावर यांनी कोणासाठी थांबायचं? एकटे गातायत बघ. पेटी आण."

बसला चाळीस मिनिटं होती. लॅपटॉप पुन्हा काढला, 'अदर'चा आवाज थोडा वर घेतला आणि लावलं.

"अजून थोडी," बाबा म्हणाले.