ओल भिंतीला, दोष कुणाला?

आम्ही पत्र्याच्या खोलीत वाढलेली माणसे. पत्रा गळला की खाली पातेले ठेवायचे, हे लहानपणापासून ठाऊक. त्यामुळे नाशिकरोडला जेल रोडच्या बाजूला कर्ज काढून स्लॅबचे घर घेतले, तेव्हा वाटले, गळतीची कटकट एकदाची संपली. पण ती आमची समजूत होती.

त्या इमारतीला आता तीस वर्षे उलटली आहेत. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात बाहेरच्या खोलीच्या भिंतीला ओल आली. याच भिंतीशी पुस्तकांचे कपाट. वर्षावासातील वाचनासाठी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ काढायला गेलो, तर पाने बुरशीने चिकटलेली! रागाच्या भरात वरच्या मजल्यावरील ताईंच्या दारात जाऊन उभे राहिलो. “तुमच्या न्हाणीचेच पाणी आहे,” असे चारचौघांत बोललो. यजमान गेल्यापासून त्या शिवणकाम करून दोन लेकरे शिकवतात. बिचाऱ्यांनी उसनवारी करून न्हाणीची फरशी उखडली, नवी बसवली. पुढच्या आषाढात आमची भिंत पुन्हा ओली!

तेव्हा डोळे उघडले. न्हाणीचे पाणी असते तर ओल बारा महिने राहिली असती. आमची ओल पावसासोबत येत होती आणि पावसासोबत जात होती. ही साधी गोष्ट आम्ही पाहिलीच नव्हती.

मग सगळे मिळून गच्चीवर गेलो. कोब्याला भेगा, पावसाच्या पाइपाचे तोंड पालापाचोळ्याने बुजलेले आणि कठड्याच्या कोपऱ्यात हातभर पिंपळ. “बोधिवृक्ष आहे, कसा उपटायचा?” असे एकदोघे म्हणाले. परंतु त्याच्याच मुळांनी भेग रुंदावली होती. तेथून शिरलेले पाणी पाइपाच्या कडेने दोन मजले उतरून आमच्या भिंतीत येत होते. जिन्याच्या छताचा पोपडा पडून गंजलेला गजही दिसू लागला होता. लोखंड गंजले की फुगते आणि काँक्रीट फोडते. वरून ऑइलपेंट मारला, तरी आतला गंज थांबत नाही.

इंजिनिअरच्या सल्ल्याने भेगा भरल्या, उतार देऊन कोबा नव्याने केला. गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून पाहिले. गज घासून गंजरोधक लेप दिला. हे सर्व मृगाच्या आत उरकले. पिंपळ मुळांसकट काढून विहाराच्या आवारात लावला.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची आणि पावसाच्या पाण्याची गळती काढण्याचा खर्च संस्थेचा असतो. सभासदाने फक्त आपल्या घरातील मोरी-संडासाची गळती पाहायची. शिवाय तीस वर्षांवरील इमारतीची संरचनात्मक तपासणी महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार बंधनकारक आहे. आम्ही बी.कॉम. झालेले, संस्थेचा हिशोब लिहिणारे. पण हे नियम भांडण झाल्यावर वाचले!

ताईंच्या घरी जाऊन, ज्या चारचौघांत बोललो त्यांच्यासमोरच माफी मागितली. फरशीचे पैसे पुढे केले. त्यांनी निम्मेच घेतले. म्हणाल्या, “भाऊ, माझीही फरशी जुनीच झाली होती.”

दुःखाला कारण असते आणि कारण शोधून ते दूर करता येते, ही तथागतांची शिकवण आम्ही दर पौर्णिमेला विहारात ऐकतो. घरात ओल आली तेव्हा मात्र कारण शोधायचे सोडून माणूस शोधला. बंधू-भगिनींनो, यंदा पावसाआधी आपापल्या गच्चीवर एकदा जाऊन या. मात्र जाताना वरच्या मजल्याशी भांडून जाऊ नका, त्यांना सोबत घेऊन जा.