मोकळा भात आणि टीव्हीवरची कढई

नांदेड-लातूरच्या कितीतरी घरांनी चायनीज स्वयंपाक आधी टीव्हीवर पाहिला आणि मग चाखला. ऑक्टोबर १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाली आणि १९९३ मध्ये तिच्यावर ‘खाना खजाना’ आला. संजीव कपूर यांचा हा कार्यक्रम जवळजवळ दोन दशके चालला. २००७ मध्ये झी मराठीच्या ‘आम्ही सारे खवय्ये’ने तोच शौक मराठीत आणला. ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा ज्यांच्या हातात बसलेला, अशा बाया वही-पेन घेऊन पडद्यासमोर बसत. चमचा चहाचा की मोठा, हे लिहून होईतो पुढचा जिन्नस कढईत पडलेला असे. त्या वह्यांमधली फ्राइड राइसची पानं आजही तेलाच्या डागांनी ओळखू येतात.

टीव्हीवर स्वयंपाक शिकवण्याची ही रीत आशियात जुनी आहे. तैवानमध्ये फू पेइ-मेइ यांनी १९६२ पासून सुमारे चाळीस वर्षे चिनी पाककृती पडद्यावर करून दाखवल्या. मराठवाड्यात पोचलेलं चायनीज मात्र त्या घराण्याचं नव्हे. त्याचं मूळ कोलकात्याच्या आणि मुंबईच्या चिनी खानावळींत आहे. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन केलं. आलं, लसूण, हिरवी मिरची या ओळखीच्या फोडणीत गरम मसाल्याऐवजी सोया सॉस पडला आणि कॉर्नफ्लॉवरने रस दाट झाला. ही फोडणी मराठवाड्याला परकी वाटली नाही. सेलरी मिळाली नाही तर कोथिंबिरीच्या काड्या, शेजवान चटणीला धर्माबादच्या बाजारातली लाल मिरची, अशी सोय घरोघर लागत गेली.

सोय लागली नाही ती भाताची. टीव्हीवर शीत न् शीत सुटं दिसे. घरी त्याचा गिच्च गोळा होई. या कामात वर्षं घालवलेला आचारीसुद्धा ह्याच एका गोष्टीपाशी पुन्हा पुन्हा येतो. तांदूळ जुना घ्यावा, कणी राहिली की उतरवावा, वेळून पाणी काढावं आणि परातीत पसरावा, हे सगळे जाणतात. भात गार झाला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि शीत मोडत नाही, म्हणून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेला भात उत्तम. पण भारनियमनाच्या वर्षांत ना फ्रिजचा भरवसा होता ना पंख्याचा, आणि वैशाखात सकाळचा भात संध्याकाळपर्यंत आंबतो. म्हणून भात त्याच दिवशी दुपारी करायचा, पातळ पसरायचा आणि दोनदा हलक्या हाताने उलटायचा. परातीच्या मधोमध वाफ कोंडून राहते. तिथला भात नेहमी दगा देतो.

एवढं करूनही तो कढईत बिघडतो. पाणी शंभर अंशांवर उकळतं. परतायला त्याहून कितीतरी जास्त ताप लागतो. हॉटेलच्या भट्टीची आच घरगुती शेगडीच्या अनेक पट असते. घरी चौघांचा भात एकदम टाकला की कढई निवते, कोबीला पाणी सुटतं आणि परतणं राहून उकडणं सुरू होतं. मीठ आधी पडलं तर कोबी अधिकच पाणी सोडतो. सोया सॉस भातावर ओतला तर भात भिजतो आणि त्यावर डाग पडतात. कढईच्या तापलेल्या कडेने सोडला तर चुरचुरतो, आटतो आणि वास धरतो. पडद्यावर यातलं बरंच हरवतं, कारण संपादनात मधली मिनिटं कापली जातात आणि आचेचा अंदाज कॅमेऱ्यातून येत नाही.

दुसरी अडचण हाताची. २०२० मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या हंगटांग को आणि डेव्हिड हू यांनी फ्राइड राइस उडवणाऱ्या आचाऱ्यांचं चित्रण करून अभ्यास प्रसिद्ध केला. कढई पुढे-मागे सरकते आणि त्याच वेळी भट्टीच्या काठावर डुलते. एक आवर्तन सेकंदाच्या सुमारे एक तृतीयांश वेळात पुरं होतं. हे काम खांद्याला दुखणं लावतं, हेही त्यांनी नोंदवलं. चायनीजच्या गाडीवर उभं आयुष्य काढलेल्या हाताला ते ठाऊक असतं. खांदा भरून येऊ लागला की आचारी उडवणं कमी करतो, झाऱ्याने तळापासून उचलून परततो आणि कढईत भात थोडा घेतो. भात तितकाच मोकळा होतो. मग ती उंच ज्वाळा आणि हवेतला भात पुष्कळदा गिऱ्हाइकाच्या नजरेसाठी होता, हे तो कबूल करतो. शिकवण्यांसाठी लातूरला आलेली पोरं गाडीभोवती उभी राहिली की मनगटाला आपोआप जोर चढायचा, आणि ती वाहवा त्याला पैशांइतकीच हवी असायची.

आता नवा पोऱ्या मोबाइलवरची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत पाहून येतो आणि पहिल्याच दिवशी ज्वाळा मागतो. शेजारच्या गाडीवर बाटलीतली चटणी आणि लाल रंग आला की सगळ्या थाळ्यांना एकच चव येते. लसूण-मिरची रोज वाटून, तेलात मंद आचेवर शिजवलेली चटणी वेळ खाते, म्हणून ती मागे पडते. हा ऱ्हासच आहे. टीव्हीवरचे जुने कार्यक्रम निदान चिरण्यापासून सुरुवात करत आणि क्रम सांभाळत.

नव्या हाताला आधी कढई देऊ नये. महिनाभर भात वेळायला आणि परातीत मोकळा करायला बसवावं. घरी करणाऱ्यांनी एका वेळी दोघांपुरताच भात परतावा आणि दुसरा घाणा टाकण्याआधी कढई पुन्हा धूर येईपर्यंत तापू द्यावी.