पहिली भाषा

सांगलीतील एका हळद व्यापाऱ्याच्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीत एक प्रश्न उभा राहिला. सातवीत जाणाऱ्या नातीला संगणकाची भाषा शिकवायची, हे ठरले होते. कोणती, एवढेच ठरायचे होते. वडिलांनी एका शिकवणीवर्गात पायथॉनसाठी तिचे नाव घातले. पुढे नोकरीला हीच भाषा उपयोगी पडेल, हा त्यांचा हिशेब. तीन आठवड्यांत, वर्गाची वेळ झाली की मुलीचे पोट दुखू लागले. पायथॉनमध्ये ओळीच्या आरंभी सोडलेल्या मोकळ्या जागेलाही अर्थ असतो; ती चुकली किंवा एखादा कंस पुरा करायचा राहिला की पडद्यावर इंग्रजीत चूक उमटते. त्या ओळी वाचून तिने एकच निष्कर्ष काढला होता : ‘माझं डोकंच चालत नाही.’

हे वाक्य आजोबांच्या जिव्हारी लागले. त्यांनी पेढीवर अनेक मुलांना जमाखर्च शिकवला होता. पहिल्याच दिवशी कोणाच्या हाती त्यांनी ताळेबंद दिला नाही. आधी रोजकीर्द, मग खतावणी, मग तेरीज. आणि फरक निघाला तर रागावणे नाही, तो ज्याचा त्याने शोधायचा.

सूनबाई शाळेत गणित शिकवीत. त्यांनी स्क्रॅच सुचवली. अमेरिकेतील एमआयटीत तयार झालेली ही भाषा 2007 मध्ये सर्वांसाठी विनामूल्य खुली झाली. ती मुख्यतः 8 ते 16 वर्षांच्या मुलांसाठी आहे. तिच्यात आज्ञा टंकाव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत बसवायचे. न जुळणारा ठोकळा बसतच नाही. मुलाची सारी शक्ती विचारावर खर्च होते. या परंपरेचे मूळ 1967 च्या लोगो भाषेत आहे. तिच्या निर्मात्यांपैकी एक, सिमोर पॅपर्ट, चुकीला अपयश न मानता दुरुस्तीची संधी मानत.

नातीने पडद्यावरील मांजराकडून चौकोन काढून घेतला : 100 पावले, 90 अंशांचे वळण, असे चार वेळा. मग समभुज त्रिकोण. त्याचा कोन 60 अंशांचा, म्हणून तिने 60 लिहून तीन वेळा आज्ञा दिली. त्रिकोण मिटलाच नाही. अर्धा षट्कोन काढून मांजर थांबले.

तिचा चेहरा उतरलेला पाहून आजोबांनी दिवाणखान्यातील खुर्च्या बाजूला सारल्या. ‘अगं, तूच मांजर हो. चालून बघ.’ दुसऱ्याच कोपऱ्यावर ती थबकली. वळायचे ते बाहेरच्या कोनाने! पूर्ण फेरी 360 अंशांची, कोपरे तीन, म्हणजे 120. त्रिकोण मिटला. त्या दिवशी तिला जेवायला तीनदा हाक मारावी लागली.

शिकवणीची फी वाया गेल्याची चुटपुट वडिलांना होती. परंतु दिवाळीनंतर मुलगी आपणहून पायथॉनकडे वळली. लोगोतून आलेले चित्र काढणारे कासव पायथॉनमध्येही आहे. तिने तोच त्रिकोण काढायला घेतला. 120 हा आकडा तिला कोणी सांगावा लागला नाही. भाषा बदलली होती, हिशेब तोच होता.

वडील मागे उभे होते. एक विसर्गचिन्ह राहिले आणि पडद्यावर चूक उमटली. त्यांचा हात नकळत पुढे झाला.

‘थांबा बाबा,’ ती म्हणाली, ‘फरक निघालाय. मी शोधते.’