फसलेल्या प्रयोगांची वही

माझ्या कामाला मशीन लर्निंग म्हणतात, पण दिवसाचा बराचसा वेळ जातो तो दुसऱ्यांच्या प्रयोगवह्या वाचण्यात. नवा पदार्थ किंवा नवं औषध शोधणाऱ्या प्रयोगशाळेकडून एक्सेलची फाइल आली, की मी आधी त्यात किती प्रयोग फसलेत ते मोजते. सगळेच जमलेले असतील, तर मॉडेल चालवण्यात काही राम नाही. ज्याने नकार कधी पाहिलाच नाही, ते प्रत्येक मिश्रणाला होकारच देणार.

पण फसलेलं नीट लिहून ठेवतो कोण? शोधनिबंधात त्याला जागा नसते. वहीत ‘चिकट गोळा झाला, फेकला’ एवढी ओळ सापडते. तापमान, आम्लता, किती तास तापवलं, सगळं गायब.

अमेरिकेतल्या हॅवरफर्ड कॉलेजच्या मंडळींनी याच अडगळीची किंमत दाखवून दिली. जुन्या वह्यांतल्या फसलेल्या अभिक्रिया त्यांनी जमलेल्यांच्या जोडीने मॉडेलला शिकवल्या आणि व्हॅनेडियम सेलेनाइटचे नवे स्फटिक कशाने मिळतील ते विचारलं. २०१६ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या त्या निबंधात मॉडेलने सुचवलेले ८९ टक्के प्रयोग जमले होते, माणसाच्या अनुभवाने ठरवलेले ७८ टक्के.

त्यांचं २०१९चं काम मला जास्त टोचतं. अशा स्फटिकांसाठी रसायनशास्त्रज्ञ अमाइन गटातली कोणती रसायनं वापरतात, हे त्यांनी तपासलं. नोंदल्या गेलेल्या ७९ टक्के संयुगांत फिरून फिरून तीच १७ टक्के अमाइनं! ती लोकप्रिय होती, पण तेवढ्याने अभिक्रिया जास्त जमत होत्या असं मात्र नव्हतं. मग त्यांनी काही प्रयोग चक्क यदृच्छेने निवडून केले. त्या थोडक्या नोंदींवर शिकलेलं मॉडेल माणसांनी निवडलेल्या मोठ्या साठ्यावर शिकलेल्या मॉडेलांपेक्षा सरस ठरलं. म्हणजे वहीत निसर्गाच्या नियमांबरोबर आमच्या सवयीही उतरतात, आणि मॉडेल दोन्ही सारख्याच निष्ठेने शिकतं.

औषधांचंही तसंच. २०२० साली एमआयटीत हॅलिसिन हे प्रतिजैविक सापडलं, तेव्हा मॉडेलच्या शिकवणीला २,३३५ रेणू होते. त्यातल्या फक्त १२० रेणूंनी ई. कोलायची वाढ रोखली होती. बाकीच्यांनी काहीच केलं नव्हतं, आणि तेही लिहून ठेवलेलं होतं. गंमत म्हणजे हॅलिसिन हा रेणू आधी मधुमेहासाठी तपासला गेलेला. नेहमीच्या प्रतिजैविकांशी त्याच्या रचनेचं फारसं साम्य नाही. उंदरांमध्ये त्याने हट्टी जंतूंना आवरलं. तिथून रुग्णापर्यंतची वाट मात्र लांब असते, आणि ती कोणतंच मॉडेल चालून देत नाही.

त्यामुळे नव्या प्रकल्पात मी दोन गोष्टी मागते: फसलेल्या प्रयोगाची पूर्ण ओळ, आणि कुणालाही सुचले नसते असे थोडे प्रयोग. पहिलीला लोक कुरकुरत का होईना, तयार होतात. दुसरीवर वाद होतो. रसायनं महाग, भट्टीला नंबर लागलेले, गाइडला निकाल हवा. आणि ही बाई म्हणते, चिठ्ठ्या टाकून प्रयोग करा! त्यांचं म्हणणं खोटं नाही. तरीही मी हटत नाही. ते थोडे प्रयोग झाले नाहीत, तर मॉडेल आम्हाला आमच्याच आवडीनिवडी परत सांगेल, फक्त दशांश चिन्हासकट.