यवनभूमींतील भग्नावशेष

‘यवन’ हा शब्द लहानपणापासून आपल्या कानांवर पडत असतो. पण तो मूळचा कोणाचा, याची चौकशी आपण क्वचितच करतों. आशियामायनरच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनिया नांवाचा ग्रीकांचा प्रांत होता. त्यावरून इराणी लोकांनीं सगळ्याच ग्रीकांना ‘यौन’ म्हटलें, आणि तेंच नांव ‘यवन’ होऊन आपल्याकडे रूढ झालें. पाणिनीच्या सूत्रांतहि त्यांचा उल्लेख आहे. इतकें दूर तरी कशाला? लोणावळ्याजवळचीं कार्ल्याचीं लेणीं ज्या वाचकांनीं पाहिलीं असतील, त्यांनीं तेथील चैत्यगृहाचे खांब आठवावे. त्यांतील कित्येक खांब धेनुकाकट येथील यवनांनीं दान दिले, असें त्या खांबांवरच कोरलेलें आहे. तेव्हां ग्रीस हा आपणांस अगदींच परका मुलूख नव्हे, एवढी ओळख मनाशीं धरून आम्ही चौघें मंडळी वैशाखांत तिकडे गेलों आणि पंधरा दिवस राहिलों.

जुने अवशेष पाहिले म्हणजे ‘काळाचा महिमा!’ म्हणून सुस्कारा टाकावयाचा, अशी आपली चाल आहे. ग्रीसमध्यें त्या सुस्काऱ्यानें समाधान होत नाहीं. तेथील पुष्कळशा पडलेल्या दगडांना पाडणाराचें नांव आणि साल चिकटलेलें आहे. आणि जे दगड अजून उभे आहेत, त्यांच्यामागेंहि कोणाचे तरी हात आहेत. या दोन्ही प्रकारच्या हातांची हकीकत वाचकांपुढें मांडावी, हा या लेखाचा हेतु.

अथेन्स शहर आज मोठें गजबजलेलें आहे. पण एखाद्या गल्लीच्या तोंडाशीं मान वर करावी, तों घरांच्या माथ्यावर ॲक्रॉपोलिसचा खडक उभा असतो. उन्हाळ्यांत भर दुपारीं कधीं कधीं वरचे दरवाजे बंद ठेवितात, म्हणून आम्हीं सकाळीं आठ वाजतांचीं तिकिटें आधींच काढून ठेविलीं होतीं. वाटेवरचा संगमरवर लक्षावधि पावलांनीं इतका गुळगुळीत झाला आहे कीं, आमच्यांतील वडील माणसांना हात धरूनच न्यावें लागलें. महाद्वारांतून आंत गेल्यावर उजव्या हातास पार्थेनॉन दिसतें, आणि बोलणें आपोआप थांबतें.

अथीना देवीचें हें मंदिर ख्रिस्तपूर्व ४४७ सालीं बांधावयास घेतलें, आणि ४३२ पर्यंत त्यावरील शिल्पकामहि पुरें झालें. पेरिक्लीझ हा त्या वेळचा पुढारी, इक्टिनस आणि कॅलिक्रेटीझ हे स्थपति, आणि फिडियस हा शिल्पकामाचा प्रमुख. बाहेरचे खांब एकंदर ४६, आणि प्रत्येकाची उंची सुमारें ३४ फूट. दुरून सगळें ओळंब्यांत सरळ बांधल्यासारखें वाटतें. पण जोत्याच्या एका टोकाशीं वांकून नजर लावली म्हणजे कळतें कीं, लांब बाजूचा मधला भाग सुमारें चार इंचांनीं उचललेला आहे. खांब मध्यें किंचित् फुगीर आहेत, आणि ते सगळे थोडेसे आंतल्या बाजूस कललेले आहेत. अगदीं सरळ बांधलें असतें तर डोळ्यांना तें मध्यें खचलेलें भासलें असतें, असा या रचनेचा एक उलगडा सांगतात. डोळ्यांचा स्वभाव ओळखून दगड वळविणारे हे कारागीर खरोखरच धन्य होत!

या मंदिरानें एका मोठ्या आगीचा तडाखा सोसला. पुढें त्याचें ख्रिस्ती देवालय झालें, आणि तुर्कांच्या अमलांत मशीद झाली. देव बदलले, पण इमारत वापरांत राहिली आणि म्हणून उभीहि राहिली. सतराव्या शतकांत व्हेनिसच्या सैन्यानें अथेन्सला वेढा घातला, तेव्हां तुर्कांनीं बंदुकीची दारू पार्थेनॉनमध्येंच साठविली होती. २६ सप्टेंबर १६८७ रोजीं एक तोफगोळा नेमका त्या कोठारावर येऊन पडला. छप्पर उडालें, मधल्या भिंती आणि कित्येक खांब कोसळले. दोन हजार वर्षें नांदलेल्या वास्तूचे असे एका दिवसांत भग्नावशेष झाले.

त्यानंतरची हकीकत आपल्या इतिहासालाहि येऊन भिडते. तुर्कांच्या दरबारीं असलेला इंग्लंडचा वकील लॉर्ड एल्जिन याच्या माणसांनीं १८०१ सालापासून उरलेल्या शिल्पांपैकीं जवळजवळ निम्मीं उतरवून नेलीं. १८१६ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटनें तीं ३५,००० पौंडांना विकत घेतलीं, आणि तीं आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत. याच एल्जिनचा मुलगा १८६२ सालीं आणि नातू १८९४ सालीं हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होऊन आला होता.

खडकाच्या पायथ्याशीं २००९ सालीं नवें संग्रहालय उघडलें. त्याच्या वरच्या मजल्यावर मंदिराची सुमारें ५२५ फूट लांबीची शिल्पपट्टी मूळच्या क्रमानें मांडली आहे. जे दगड अथेन्सकडे राहिले ते मधाच्या रंगाचे, आणि जे परदेशीं गेले त्यांच्या जागीं पांढऱ्या प्लास्टरच्या प्रतिकृति. पंगतींत मधून मधून रिकामे पाट दिसावे, तसें वाटतें. शेजारच्या देवळाचें छत डोक्यावर तोलणाऱ्या सहा दगडी युवतींपैकीं पांच येथें उभ्या आहेत. सहावी लंडनला आहे, आणि तिची जागा तशीच मोकळी ठेविली आहे. आवाज न चढवितां मांडलेली अशी फिर्याद आम्हीं दुसरीकडे पाहिली नाहीं. पालेर्मोहून एक तुकडा २०२२ सालीं आणि व्हॅटिकनमधून तीन तुकडे २०२३ सालीं परत आले.

हीं शिल्पें उतरविलीं जात होतीं, त्याच सुमारास अथेन्सचा एक विद्वान् आपल्या काशींत बसून संस्कृताचें अध्ययन करीत होता. दिमित्रिओस गालानोस हें त्याचें नांव. १७६० सालीं अथेन्समध्यें जन्मलेला हा गृहस्थ ग्रीक व्यापाऱ्यांच्या मुलांना शिकविण्यासाठीं कलकत्त्यास आला, तेथून काशीस गेला, आणि १८३३ सालीं काशींतच वारला. भगवद्गीता आणि भर्तृहरि यांचीं त्यानें ग्रीक भाषांतरें केलीं, आणि आपलीं हस्तलिखितें मायदेशाच्या विद्येसाठीं ठेविलीं. त्यानेंहि परक्या देशांतून पुष्कळ नेलें. पण त्यामुळें काशींतील एक वीटहि कमी झाली नाहीं.

दुरुस्ती करणारे हात तरी नेहमींच शहाणे असतात असें नाहीं. प्राचीन कारागिरांनीं दगडाला दगड लोखंडी आंकड्यांनीं जोडला, आणि गंज चढूं नये म्हणून आंकड्यांभोंवतीं शिसें ओतलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं ज्यांनीं पडलेले खांब पुन्हां उभारले, त्यांनीं लोखंड घेतलें, पण शिशाची काळजी घेतली नाहीं. तें लोखंड गंजून फुगलें आणि संगमरवर आंतून तडकूं लागला. म्हणून १९७५ सालीं एक समिति नेमली गेली. तेव्हांपासून गंजलेले आंकडे काढून टायटेनियमचे घालणें, प्रत्येक दगडाची मूळ जागा शोधून तो तेथेंच बसविणें, आणि जेथें तुकडा उणा पडेल तेथें पेंटेली डोंगराचाच नवा संगमरवर जोडणें, असें काम चालूं आहे. नवा भाग पांढरा दिसतो. तो जुना भासविण्याचा खटाटोप कोणी केलेला नाहीं. मंदिर बांधून झालें पंधरा वर्षांत. दुरुस्ती सुरू होऊन पन्नास वर्षें लोटलीं!

समोरच्या प्निक्स टेकडीवर खडकांत कोरलेला एक चौथरा आहे. येथें अथेन्सच्या नागरिकांची सभा भरे, आणि कांहीं ठरावांना सहा हजारांची हजेरी लागे. लोकशाहीचें माहेर तें हेंच. परंतु त्या सभेंत बायकांना, दासांना आणि परगांवाहून येऊन राहिलेल्यांना मत नव्हतें. “म्हणजे देवळांत देवी बसविली आणि सभेंतून बाईला उठविलें!” असा शेरा आमच्यांतील एका बाईंनीं मारला. त्याला उत्तर कोणाजवळच नव्हतें.

अथेन्सहून सुमारें १८० किलोमीटरांवर, पार्नासस पर्वताच्या कुशींत डेल्फाय आहे. मागें उभे कडे, आणि खालीं ऑलिव्ह वृक्षांचें दाट खोरें थेट समुद्रापर्यंत उतरलेलें. अपोलो देवाची पुजारीण येथें कौल देई. लिडियाचा धनाढ्य राजा क्रीसस यानें युद्धाविषयीं कौल मागितला, तेव्हां ‘नदी ओलांडलीस तर एक मोठें राज्य बुडेल’ असें उत्तर मिळालें. तो हर्षानें नदी उतरला, आणि बुडालें तें त्याचेंच राज्य! येथें इराणवरील विजयाचें स्मारक म्हणून सर्पांच्या वेटोळ्यांचा कांशाचा स्तंभ होता. सम्राट् कॉन्स्टंटाइन यानें तो आपल्या नव्या राजधानींत नेला. त्याचा उरलेला भाग अजून इस्तंबूलमध्यें आहे. पण एक कांशाचा सारथी मात्र वांचला. भूकंपानें कोसळलेल्या दरडीखालीं तो गाडला गेला, म्हणून धातूसाठीं वितळविणाऱ्यांच्या हातीं लागला नाहीं. फ्रेंच संशोधकांना १८९६ सालीं तो सांपडला. त्या उत्खननासाठीं अवशेषांवर वसलेलें एक सबंध गांव उठवून दुसरीकडे वसवावें लागलें होतें. जुनें जपण्याची किंमत कधीं कधीं जिवंत माणसांनाहि द्यावी लागते, हें तेथें विसरूं नये.

पुढें पिरेयस बंदरांतून बोटीनें आम्ही मिकोनॉस बेटावर गेलों. पांढरीं घरें, निळीं दारें आणि अरुंद बोळ यांनीं तें गांव नटलेलें आहे. पण प्रवाशांच्या गर्दींत तें फार वेळ पाहवत नाहीं. आमचा ओढा शेजारच्या डेलॉसकडे होता. लहान बोटीनें अर्ध्या तासाची वाट. परंतु त्या बेटावर प्रवाशांना रात्रीं राहूं देत नाहींत.

अपोलोचें हें जन्मस्थान. ख्रिस्तपूर्व ४२६ सालीं अथेन्सच्या लोकांनीं बेटाची शुद्धि केली; होतीं नव्हतीं तीं थडगीं उकरून हलविलीं, आणि यापुढें येथें कोणीं जन्मूं नये व कोणीं मरूं नये असा नियम केला. गरोदर बायकांना आणि आसन्नमरण माणसांना समोरच्या बेटावर नेत असत. एवढें सोंवळें पाळलेल्या या भूमीवरच पुढें रोमनांच्या अमलांत दासांचा बाजार भरूं लागला. दिवसाला दहा हजार माणसांची आवकजावक करण्याची त्याची शक्ति होती, असें स्ट्रेबोनें लिहून ठेविलें आहे. सूतकाचा विटाळ मानणाऱ्या धर्माला माणूस विकण्याचा विटाळ वाटला नाहीं! शेवटीं ख्रिस्तपूर्व ८८ आणि ६९ सालच्या दोन हल्ल्यांत ही पेठ धुळीस मिळाली, आणि मागाहून बेट हळूहळू ओस पडलें.

तेथील घरें पाहतांना आम्हांस आपल्या वाड्यांची फार आठवण झाली. मध्यें चौक, भोंवतीं खांबांची ओसरी, आणि चौकाखालीं पावसाचें पाणी साठविण्याचें टांकें. एका घरांत डायॉस्कुरिडीझ आणि त्याची पत्नी क्लिओपात्रा या जोडप्याचे पुतळे आहेत. ही राणी क्लिओपात्रा नव्हे, एक घरंदाज गृहिणी. नवऱ्यानें देवाला रुप्याच्या दोन तिवया वाहिल्या, म्हणून तिनें त्याचा पुतळा बसविला, असें खालीं कोरलें आहे. तिवया गेल्या, पुतळ्यांचीं डोकींहि गेलीं. राहिला तो बायकोनें केलेला नवऱ्याचा गौरव.

सँटोरिनी बेटाची गोष्ट निराळी. तेथें मोडतोड केली ती निसर्गानें. ख्रिस्तपूर्व १६०० च्या सुमारास ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट होऊन बेटाचा मधला भाग समुद्रांत गेला. उरलेल्या कड्यांची उंची सुमारें हजार फूट, आणि त्यांच्या माथ्यावर पांढऱ्या घरांची ओळ. मावळतीच्या वेळीं तो देखावा पाहून माणूस भान विसरतो. त्याच स्फोटाच्या राखेखालीं अक्रोटिरी नांवाचें नगर जसेंच्या तसें गाडलें गेलें. १९६७ सालीं स्पिरिडॉन मारिनातोस यांनीं तें उकरावयास आरंभ केला. दुमजली तिमजली घरें, रस्त्याखालचीं गटारें, आणि भिंतींवर रंगविलेलीं लिलीचीं फुलें, पाकोळ्या व निळीं माकडें! हीं माकडें आपल्याकडील हनुमान वानरांच्या जातीचीं असावींत, असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे. तेथें मृतदेह मात्र सांपडले नाहींत. आधींच्या भूकंपांनीं सावध होऊन रहिवासी निघून गेले असावेत. २०२५ सालच्या आरंभीं सँटोरिनीस पुन्हां भूकंपांचे धक्के बसूं लागले, तेव्हांहि हजारों माणसें बेट सोडून गेलीं होतीं.

शाकाहारी वाचकांस तिकडे उपाशी राहावें लागत नाहीं, हेंहि सांगून ठेवितों. याच बेटावर ‘फावा’ नांवाचा पदार्थ मिळतो. आपल्याकडील लाखेच्या कुळांतील एक डाळ शिजवून, घोटून, वर ऑलिव्हचें तेल आणि कांदा घालून देतात. आठ दिवस पावावर काढल्यानंतर तें घट्ट पिवळें वरण पानांत आलें, तेव्हां आमच्या मंडळींच्या चेहऱ्यावर जें समाधान दिसलें, तें पार्थेनॉनपुढेंहि दिसलें नव्हतें.

परत येतांना आमच्या मनांत वारंवार आपल्या गडांचा विचार येत होता. रायगडावरील वाडे १८१८ सालच्या तोफांच्या माऱ्यांत जळाले. म्हणजे पार्थेनॉनचें दुःख आपणांस परकें नाहीं. २०२५ सालीं रायगडासह बारा किल्ल्यांचें नांव जागतिक वारशाच्या यादींत लागलें, याचा आनंद कोणाला होणार नाहीं? परंतु यादींत नांव लागल्यानें भिंतीची दरज बुजत नाहीं. ती बुजविण्यास कोणी तरी उन्हांत बसावें लागतें, आणि चुकीचा चुना वापरला गेला असेल तर तो उकरून पुन्हां भरण्याची तयारी ठेवावी लागते. जे वाचक कधीं अथेन्सला जातील, त्यांनीं त्या जुन्या खांबांपुढें उभें राहून डोळे भरून पाहावें. आणि मग क्षणभर त्यांत जोडलेले ते पांढरे तुकडेहि पाहावे.