मे महिन्यातली विल्यम्स

रविवार, २७ एप्रिल २०२५, वायले

या वसंतातला पहिला मोठा लोप्पेमार्केद, म्हणजे जुन्या वस्तूंचा बाजार. विकणारे बहुतेक घरगुती लोक. माळा रिकामा करायचा, गाडीची डिकी भरायची आणि मैदानात टेबल मांडून बसायचं. बिलुंड इथून तीसेक किलोमीटरवर. लेगोचं गावच शेजारी, त्यामुळे त्याचे डबे टेबलाटेबलावर असतात आणि बरेचदा किलोच्या भावाने मिळतात. मुलं मोठी झाली, सगळे सेट एकात एक मिसळले, आता ते वेगळे कोण करत बसणार? मी बसते.

आज एका क्रेटमध्ये लाल तुकड्यांच्या ढिगाखाली निळी आणि पांढरी वळणदार पॅनेलं दिसली, डावं-उजवं अशा जोडीने येणारी. आत हात घातला तर रुंद टायर लागला. विल्यम्सची रेसिंग गाडी! लेगो सेट क्रमांक ८४६१, साल २००२, तुकडे १४८४. क्रेटमागचे गृहस्थ म्हणाले, "मुलाचा होता. पूर्ण आहे का, ते मात्र मला विचारू नका." मोबाइलपेवर पैसे दिले आणि क्रेट उचलला.

या गाडीचा मला एवढा सोस का, ते लिहून ठेवते. २००२ साली आम्ही कोल्हापुरात स्टार स्पोर्ट्सवर फॉर्म्युला वन बघायचो. घरात सगळे शूमाकरचे, मी एकटी विल्यम्सच्या माँटोयाची. त्या वर्षी १७ शर्यतींपैकी १५ फेरारीने जिंकल्या. विल्यम्सला एकच मिळाली, मलेशियाची, तीही राल्फ शूमाकरने जिंकलेली. माँटोया सात वेळा सगळ्यांत पुढून सुटला आणि एकदाही जिंकला नाही. पण मोंझाच्या पात्रता फेरीत त्याने ताशी २५९.८ किलोमीटरच्या सरासरीने लॅप मारला आणि केके रोसबर्गचा १९८५ चा विक्रम मोडला. रोसबर्गचा विक्रमही विल्यम्समधलाच होता. त्या शनिवारी मी टीव्हीसमोर उभी राहून ओरडले होते, ते आईला अजून आठवतं.

मंगळवार, २९ एप्रिल

कामावरून आल्यावर धुणं. पाणी कोमट, ४० अंशांच्या आत. त्यापेक्षा गरम पाण्यात प्लास्टिक वाकू शकतं. स्टिकर लावलेले तुकडे पाण्यात घालायचेच नाहीत, ते ओल्या फडक्याने एकेक पुसायचे. मग पंच्यावर पसरून, तांदूळ निवडावेत तशी निवड.

खरं काम इथे सुरू होतं, राखाडी रंगापाशी. २००४ च्या सुमारास लेगोने आपले राखाडी बदलले. जुना राखाडी किंचित मातकट, नवा निळसर. दिव्याखाली फरक चटकन कळत नाही, खिडकीपाशी नेलं की लगेच कळतो. विल्यम्स २००२ ची, म्हणून तिच्यातली प्रत्येक राखाडी पट्टी मातकटच असली पाहिजे. क्रेटमध्ये दोन्ही आहेत. भोकांची एक पट्टी हातात घेतली: लांबी बरोबर, भोकं बरोबर, पिनही घट्ट बसते. रंग मात्र नंतरचा. ती बाजूला ठेवली.

यावर बाकीचे संग्राहक माझ्याशी वाद घालतात. गाडीच्या पोटात जाणारी पट्टी, बाहेरून दिसणारही नाही, मग काय बिघडलं? मला वाटतं, बिघडतं. जुनी गाडी जमवायची म्हणजे तिचं एक विशिष्ट साल जमवायचं. त्या सालात जो तुकडा कारखान्यातून निघूच शकत नव्हता तो आत बसवला, की ती कुठल्याच सालाची राहत नाही.

रविवार, ४ मे

आज मायामीत शर्यतीच्या आधी ड्रायव्हर मंडळी लेगोच्या गाड्यांतून फिरली. दहा संघांच्या दहा गाड्या, खऱ्या गाडीच्या आकाराच्या, प्रत्येकीत सुमारे चार लाख ठोकळे, आणि चालवता येतील अशा. वेग ताशी २० किलोमीटरपर्यंत. मोठे मोठे ड्रायव्हर एकमेकांना धडका देत होते, रस्त्यावर ठोकळे सांडत होते. मी पोट धरून हसले.

यंदा लेगोने दहाही संघांच्या छोट्या गाड्या बाजारात आणल्या आहेत. स्पीड चॅम्पियन्स या मालिकेत. ठोकळ्यावरच्या आठ बटणांइतक्या रुंद, तळहातावर मावणाऱ्या. त्यात विल्यम्सही आहे. छान आहे, आणि मुलांनी घ्यावी. पण त्या मालिकेत स्टिअरिंग नसतं, पिस्टन नसतात. १९७७ पासून लेगोच्या टेक्निक मालिकेने मुलांना गाडीचं पोट उघडून दाखवलं. १९९४ च्या सुपर कारमध्ये तर व्ही-८ इंजिन, चार गिअरची पेटी, चारही चाकांना ड्राइव्ह आणि चारही चाकांना स्टिअरिंग होतं. हे हाताने जुळवलेल्या मुलाला डिफरन्शियल म्हणजे काय, हे परत शिकवावं लागत नाही.

रात्री गल्लीतल्या खिडक्यांत मेणबत्त्या होत्या. १९४५ साली याच संध्याकाळी डेन्मार्क सुटल्याची बातमी रेडिओवर आली होती. मीही दोन लावल्या.

बुधवार, ७ मे

चिन्मयचा फोन, कोल्हापूरहून. त्याच्या डोक्यात गुंतवणूक शिरली आहे. "आत्या, तू सीलबंद बॉक्स घे ना! मॉस्कोच्या कुठल्याशा युनिव्हर्सिटीचा स्टडी आहे, लेगोनं वर्षाला ११ टक्के दिलेत." अभ्यास खरा आहे, हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा. १९८७ ते २०१५ या काळातल्या सेटांच्या जुन्या बाजारातल्या किमती त्यात पाहिल्या आहेत. पण ती सरासरी आहे. काही सेट वर्षानुवर्षं तोट्यातच राहिले, हेही त्यातच लिहिलंय. ते त्याला सांगितलं.

शिवाय इथून तिकडे पाठवायचं तर आयात ड्यूटी आहेच. खेळण्यांवरची ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०.

पण माझा मुद्दा पैशाचा नव्हता. तो म्हणाला, "उघडलं की किंमत पडते." मी म्हटलं, "अरे, उघडलं नाही तर गाडी कुठंय? पिशव्यांत तुकडे आहेत नुसते." यावर तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "बरं, इंजिन लावशील तेव्हा व्हिडिओ कॉल कर." करणार.

शनिवार, १० मे

बिलुंडला लेगो हाउसमध्ये. २०१७ साली उघडलेली ही इमारत ब्यार्के इंगेल्सच्या कंपनीने आखली. पांढऱ्या मोठ्या ठोकळ्यांची रास. वर मुलांची झुंबड असते, मी सरळ तळघरात उतरते. तिथे कंपनीचा इतिहास दशकानुसार मांडलाय.

रेसिंग गाडीच्या दृष्टीने पाहिलं तर यात दोन वळणं महत्त्वाची वाटतात. पहिलं १९६२, चाक. त्याआधी ठोकळे म्हणजे घर, भिंत, मनोरा. नळ्यांच्या पकडीचा आजचा ठोकळा १९५८ चा. पण तो जागचा हलायला चाक यावं लागलं. दुसरं १९७५. त्या वर्षी हॉबी सेट म्हणून मोठ्या मुलांसाठी एक मालिका निघाली आणि तिच्यात ३९२ क्रमांकाची फॉर्म्युला वन गाडी होती. तेव्हा ना टेक्निक होतं, ना आजचा लेगोचा माणूस. तो १९७८ चा. चौकोनी ठोकळ्यांतून शर्यतीच्या गाडीचं निमुळतं नाक काढायचं म्हणजे कल्पनाच करावी! आजच्या वळणदार पॅनेलांपुढे ती ओबडधोबड दिसते, मला ती जास्त धीट वाटते.

गुरुवार, १५ मे

शेजारचे आजोबा बुटांचा एक खोका घेऊन आले. त्यांच्या मुलीच्या लहानपणच्या चार बटणं रुंदीच्या छोट्या रेसिंग गाड्या. एक ड्रायव्हर, त्याचं हेल्मेट, चार चाकं, झालं. बटणापासून बटणाचं अंतर आठ मिलिमीटर, म्हणजे गाडीची बॉडी जेमतेम ३२ मिलिमीटर रुंद. पैसे घेईनात. म्हणाले, "कॉफी द्या आणि या कोणत्या सालच्या, ते सांगा."

सालाचा अंदाज पेट्रोलच्या चिन्हावरून करता येतो. जुन्या तुकड्यांवर खऱ्या शेलचा शिंपला. १९९२ पासून लेगोने ऑक्टान नावाची आपलीच काल्पनिक कंपनी आणली, लाल-हिरव्या चिन्हाची. शेल तरी पुरती गेली नाही. तिच्या पेट्रोल पंपांवर फेरारीच्या छोट्या गाड्या मिळत राहिल्या आणि ग्रीनपीसच्या मोहिमेनंतर २०१४ मध्ये लेगोने करार पुढे न वाढवण्याचं जाहीर केलं. खोक्यातल्या एका तुकड्यावर शिंपला होता, अर्धा झिजलेला, नेमका लहान मुलीचा अंगठा टेकेल तिथे. आजोबांनी तो बराच वेळ पाहिला आणि खोका परत घेऊन गेले. मला बरंच वाटलं.

रविवार, २५ मे

सकाळपासून जुळवणी. सूचनापुस्तिका कंपनीच्याच साठ्यातून उतरवून घेतली. दुपारी मोनॅकोची शर्यत सुरू झाली तेव्हा इंजिन चासीवर चढलं होतं. चिन्मयला कॉल लावला. मागचं चाक बोटाने फिरवलं, तसे पिस्टन खालीवर होऊ लागले. तो ओरडला, "परत फिरव! हळू!" मी हळू फिरवलं. क्रँक नीट दिसावा म्हणून टॉर्च धरला.

पांढरी पॅनेलं पिवळट पडली आहेत. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवली तर पांढरी होतात, बरेच जण करतात. मी करणार नाही. ही गाडी कुणाच्या तरी खिडकीत उभी होती, उन्हाच्या बाजूला. तेवढं तिच्या अंगावर असू द्यावं. स्टिकरांना तडे गेलेत, पण चिकटलेले आहेत तोवर तेच राहतील.

ब्रिकलिंक या लेगोच्या सुट्या तुकड्यांच्या ऑनलाइन बाजारात जर्मनीतल्या एका विक्रेत्याकडे जुन्या राखाडीतल्या हव्या त्या पट्ट्या सापडल्या. त्याला लिहून विचारलं, रंग नक्की जुनाच ना? त्याने खिडकीपाशी नव्या पट्टीशेजारी ठेवून फोटो पाठवला. ऑर्डर दिली. मागच्या पंखाचा एक तुकडा क्रेटमध्ये नव्हताच. तो मिळाला, पण कोरा. नव्याने छापलेलं स्टिकर मिळतं, ते नको. २००२ चा न वापरलेला स्टिकरचा कागद कुठे विकायला निघतो का, यावर लक्ष ठेवणार. तोवर पंख कोरा, आणि चार पट्ट्या आल्या की पुढचं सस्पेन्शन.